शाळेतल्या शिक्षकांचा सन्मान करायचा आहे? पहिल्यांदाच करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी

माध्यमिक शाळेत शिकवणाऱ्या शिक्षकाला आपल्या कामाचा खरा निकाल क्वचितच कळतो. मार्क कळतात, पास-नापास कळतं. पण त्यांच्या हाताखालून गेलेली मुलगी पाच वर्षांनी प्रयोगशाळेत चुकलेलं निरीक्षण खोडून न टाकता त्याच्याशेजारी तारीख घालून दुसरं लिहिते, आणि ही सवय तिला नववीच्या विज्ञानाच्या तासाला लागलेली असते, हे त्या शिक्षकापर्यंत पोचत नाही. परिणाम दिसायला लागतो तेव्हा मुलं शाळा सोडून कधीच गेलेली असतात, आणि वर्गात नवी तुकडी बसलेली असते.

म्हणून सन्मान करायचा म्हणजे आधी ही बातमी त्यांना द्यायची, तपशीलासकट. पुरस्कार, समारंभ, मानपत्र हे सगळं त्यानंतर येतं. हे एकदा मनात पक्कं केलं की पुढचे बरेच प्रश्न सोपे होतात.

हा लेख शाळा सोडून कॉलेजात गेलेल्या किंवा नुकत्याच पदवीधर झालेल्या विद्यार्थ्यांसाठी आहे. शाळेत अजून शिकत असलेल्यांना काही गोष्टी वेगळ्या लागू होतात, त्या पुढे सांगितल्या आहेत.

पायरी १ : नाव ठरवा

आवडते शिक्षक आणि उत्कृष्ट शिक्षक एकच असतील असं नाही. आवडत्यांची यादी पटकन होते. त्या यादीतल्या प्रत्येक नावापुढे एक प्रश्न लिहा: या सरांच्या किंवा बाईंच्या वर्षानंतर मला असं काय करता यायला लागलं, जे आधी येत नव्हतं? उत्तर ठोस हवं. ‘आत्मविश्वास आला’ हे उत्तर अपुरं आहे. ‘गणित अडलं की उत्तर मागे बघण्याआधी दिलेली माहिती वेगळी लिहून काढायला लागलो’ हे उत्तर चालेल.

हा प्रश्न विचारला की यादी बरीच बदलते, असा माझा अनुभव आहे. वर्गात सगळ्यांना हसवणारे शिक्षक कधी कधी मागे पडतात, आणि ज्यांच्या तासाला आपण धास्तावलेले असायचो ते पुढे येतात. कडक शिक्षकाचं नाव पुढे करायला संकोच वाटू देऊ नका. मात्र कडकपणा आणि अपमान यांतला फरक ओळखा. ज्यांच्यामुळे तुम्ही शिकलात पण शेजारच्या बाकावरचा मुलगा शाळेला घाबरायला लागला, त्यांच्याबद्दल दोनदा विचार करा.

विषयशिक्षकच असायला हवेत असंही नाही. ग्रंथपाल, समुपदेशक, क्रीडाशिक्षक, चित्रकलेच्या बाई यांनीही शिकवलेलं असतं. अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचा शाळेतल्या शिक्षकांच्या सन्मानाचा एक उपक्रम आहे, त्यात नवे विद्यार्थी शिक्षकांबरोबर समुपदेशकांचंही नाव सुचवू शकतात.

पायरी २ : आठवणी गोळा करा, आधी एकट्याने

ग्रुपवर ‘सरांबद्दल कोणाला काय आठवतं?’ असं विचारण्याआधी स्वतःचं लिहून काढा. एकदा गप्पा सुरू झाल्या की सगळ्यांना तेच चार किस्से आठवायला लागतात. ज्याने ते सर्वांत रंगवून सांगितले, त्याचीच आठवण सगळ्यांची होऊन बसते.

मग कागदपत्रं शोधा. जुन्या वह्या, तपासलेले निबंध, प्रात्यक्षिकाच्या नोंदवह्या, चाचणीचे पेपर. शिक्षकाचं काम सर्वांत स्पष्ट दिसतं ते समासात. भूमितीची एक वही मी पाहिली आहे. त्यात सिद्धतेची चौथी ओळ चुकली होती. बाईंनी त्या ओळीवर फुली मारली नव्हती. तिसऱ्या आणि चौथ्या ओळीच्या मध्ये लाल शाईने छोटा बाण काढून ‘इथून इथे कशी आलीस?’ एवढंच लिहिलं होतं. खाली मुलीने पेन्सिलीने तीन ओळींत उत्तर द्यायचा प्रयत्न केला होता, तिसऱ्या ओळीत तिचं तिलाच चुकल्याचं कळलं होतं, आणि त्यापुढे बाईंची बरोबरची खूण होती. बाईंनी तीच वही दुसऱ्यांदा तपासली होती! वर्गातल्या इतक्या वह्यांमधून ही वही पुन्हा उघडून पाहायला किती वेळ गेला असेल, याचा हिशेब कुठल्याही मानपत्रात येत नाही. तुमच्या पत्रात तो यायला हवा.

यानंतर इतरांशी बोला. फक्त हुशार मुलांना विचारू नका. त्या विषयात धडपडणाऱ्या एखाद्या मित्राला विचारा, शाळा मध्येच बदलून गेलेल्या मैत्रिणीला विचारा. जमलं तर त्याच शाळेतल्या दुसऱ्या एखाद्या शिक्षकांनाही विचारा, कारण विद्यार्थ्यांना न दिसणारं काम त्यांना दिसतं: नव्या शिक्षकांना केलेली मदत, प्रयोगशाळेच्या साहित्यासाठी केलेला पाठपुरावा, शाळा सुटल्यावर घेतलेले तास.

पायरी ३ : मार्ग निवडा

दोन मार्ग आहेत. एखाद्या संस्थेच्या पुरस्कारासाठी नामांकन पाठवायचं, किंवा तुम्ही मिळून स्वतःच सन्मान करायचा. दोन्ही केले तरी हरकत नाही.

माध्यमिक शिक्षकांच्या सन्मानाचे काही उपक्रम पूर्णपणे विद्यार्थ्यांच्या शब्दावर चालतात, आणि मला ते सर्वांत अर्थपूर्ण वाटतात. अमेरिकेत शिकागो विद्यापीठात नव्याने प्रवेश घेतलेले विद्यार्थी आपल्या शाळेतल्या शिक्षकांचं नाव ‘आउटस्टँडिंग एज्युकेटर’ पुरस्कारासाठी सुचवतात. विल्यम्स कॉलेजच्या ओल्मस्टेड पुरस्कारासाठी शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी माध्यमिक शिक्षकांची नावं पाठवतात. स्टॅनफर्डच्या टर्मन पुरस्कारात अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षातल्या वरच्या पाच टक्के विद्यार्थ्यांचा गौरव होतो, आणि त्या प्रत्येकाने आपल्यावर सर्वाधिक प्रभाव टाकणाऱ्या माध्यमिक शिक्षकांना सोबत बोलवायचं असतं. कॉर्नेलमधल्या मेरिल प्रेसिडेन्शियल स्कॉलर्सच्या कार्यक्रमातही पदवीधर होणारे विद्यार्थी आपल्या शाळेतल्या शिक्षकांचा गौरव करतात. तुमच्या विद्यापीठात असा उपक्रम आहे का, हे विद्यार्थी कल्याण विभागात आणि माजी विद्यार्थी संघटनेत विचारा. नसेल तर तो सुरू करण्याचा प्रस्ताव देता येतो, आणि वर दिलेली उदाहरणं त्या प्रस्तावात उपयोगी पडतील.

जागतिक पातळीवर वार्की फाउंडेशनचा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ सर्वांना माहीत आहे. त्याच्या विजेत्यांची माहिती वाचा, ती स्वप्नं रंगवण्यासाठी नाही, तर चांगल्या कामाचं वर्णन कसं करतात ते शिकण्यासाठी. २०१८च्या विजेत्या आंद्रिया झाफिराकू लंडनच्या एका माध्यमिक शाळेत कला शिकवत. त्यांच्याबद्दल ‘विद्यार्थ्यांवर प्रेम करणाऱ्या’ एवढंच लिहिलं असतं तर ते विसरायला झालं असतं. लक्षात राहिलं ते हे, की शाळेतली मुलं घरी वेगवेगळ्या भाषा बोलत आणि बाईंनी त्यातल्या अनेक भाषांमधली अभिवादनाची साधी वाक्यं शिकून घेतली होती. २०१९चे विजेते केनियातले पीटर ताबिची गणित आणि भौतिकशास्त्र शिकवत. आपल्या मासिक उत्पन्नाचा ८० टक्के भाग ते गरजूंसाठी देत आणि शाळेतलं विज्ञान मंडळ त्यांनी वाढवलं. कृती, आकडा, ठिकाण असं काही असलं की वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो.

नामांकनाचा अर्ज उघडलात की आधी एवढं तपासा. शिक्षक सध्या सेवेत असणं आवश्यक आहे का (निवृत्त झालेल्यांना बरेच पुरस्कार लागू नसतात). नाव कोण सुचवू शकतं. मुख्याध्यापकांचं पत्र लागतं का. शब्दमर्यादा किती. शिक्षकांची लेखी संमती हवी का. आणि शेवटची तारीख. मुख्याध्यापकांचं पत्र लागत असेल तर सुट्ट्या आणि परीक्षांचा काळ सोडून महिनाभर आधी त्यांना भेटा, सोबत एक पानाची माहिती द्या. रिकाम्या हाताने ‘सरांसाठी पत्र द्या’ म्हटलंत तर साचेबंद चार ओळी मिळतील.

पायरी ४ : पत्र लिहा

सगळा वेळ इथे घालवा. समारंभ साधा झाला तरी चालेल, पत्र गुळगुळीत झालं तर चालणार नाही.

पुष्कळ जण इथेच अडतात, कारण ‘आपल्याला इतकं चांगलं लिहिता येत नाही’ असं वाटतं. त्यावर अमित कुमार आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांचं २०१८ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन सांगतो. त्यांनी लोकांना कृतज्ञतेची पत्रं लिहायला लावली आणि पत्र मिळालेल्यांना काय वाटलं तेही विचारलं. लिहिणाऱ्यांना भीती होती की समोरच्याला अवघडल्यासारखं होईल. प्रत्यक्षात मिळणाऱ्यांना त्यांच्या अंदाजापेक्षा कमी अवघडलेपण वाटलं, आणि आनंद मात्र अंदाजापेक्षा जास्त झाला. लिहिणारे शब्द नीट जमतायत ना याची काळजी करत होते. वाचणाऱ्यांचं लक्ष त्यातल्या आपुलकीकडे होतं. तेव्हा शुद्धलेखन कोणाकडून तरी तपासून घ्या आणि निर्धास्त लिहा.

लांबी किती? मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांनी ‘कृतज्ञता भेट’ नावाचा जो प्रयोग लोकांपर्यंत नेला, त्यात साधारण ३०० शब्दांचं पत्र लिहून ते त्या व्यक्तीला समोर बसून वाचून दाखवायचं असतं. २००५ साली त्यांच्या गटाने प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशी भेट घेणाऱ्यांच्या समाधानात झालेली वाढ महिनाभर टिकलेली दिसली. ३०० शब्द म्हणजे एक पान. नामांकनात जास्त जागा मिळते, पण गाभा त्या एका पानातच बसायला हवा.

सुरुवात थेट प्रसंगाने करा. नमुन्यासाठी हे वाक्य पाहा: ‘सर अत्यंत मनमिळाऊ, कर्तव्यदक्ष आणि विद्यार्थिप्रिय शिक्षक आहेत.’ हे वाक्य जगातल्या कुठल्याही शिक्षकाला लावता येतं, म्हणजे ते तुमच्या सरांबद्दल काहीच सांगत नाही. आता हे: ‘इतिहासाच्या तासाला सर एकाच घटनेची दोन परस्परविरोधी वर्णनं फळ्यावर लिहायचे आणि विचारायचे, “यातला कोण कुठे उभा होता?” तेव्हापासून बातमी वाचताना मी आधी हाच प्रश्न विचारतो.’ यात सरांना लावलेलं विशेषण एकही नाही, तरी सर कसे आहेत ते कळलं. पहिला मसुदा झाला की त्यातली सगळी विशेषणं खोडून बघा. काय उरतं, ते तुमचं पत्र.

प्रसंगानंतर दोन गोष्टी सांगायच्या: तुम्ही आधी कसे होतात आणि नंतर काय बदललं. नामांकनपत्रात याशिवाय इतर विद्यार्थ्यांवर झालेला परिणाम हवा, कारण निवड समितीला तो शिक्षक एकाच मुलासाठी चांगला होता की वर्गासाठी, हे जाणून घ्यायचं असतं. दुसऱ्या पायरीत गोळा केलेलं इथे कामाला येतं.

तुमच्याबद्दल किती लिहायचं? परिणाम दाखवण्यापुरतं. मिळालेली बक्षिसं, प्रवेशपरीक्षेतला क्रमांक हे एका वाक्यात आटपा. आणि ‘बाकीचे शिक्षक नुसतं पुस्तक वाचून दाखवायचे, पण बाई मात्र…’ अशी तुलना कधीही करू नका. पत्र शाळेत फिरतं. त्या एका वाक्याने तुमच्या बाईंना शिक्षकखोलीत त्रास होईल.

एक नाजूक गोष्ट. अनेकदा शिक्षकांनी केलेलं सर्वांत मोठं काम खासगी असतं: घरच्या संकटात आधार दिलेला असतो, फी भरलेली असते, कोणालाही न सांगता एखाद्या मुलाला वाचवलेलं असतं. स्वतःची गोष्ट सांगायचा तुम्हाला हक्क आहे, जितकी सांगावीशी वाटते तितकीच. दुसऱ्या विद्यार्थ्याची अशी गोष्ट मात्र त्याला विचारल्याशिवाय लिहू नका, नाव बदलूनही नाही. शाळेत ओळखणारे ओळखतात. शिक्षकांनी एखादी मदत गुप्त ठेवली असेल तर त्यांच्याही इच्छेचा मान ठेवा आणि ती फक्त त्यांना दिलेल्या पत्रात लिहा.

आदर्श म्हणून एक पत्र डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. १९५७चं साहित्याचं नोबेल जाहीर झाल्यावर फ्रेंच लेखक आल्बेर काम्यू यांनी त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला लुई जर्में या आपल्या शाळामास्तरांना पत्र लिहिलं. जर्में माध्यमिकचे नव्हते, प्राथमिकचे होते. पण गरीब घरातल्या या मुलाला जादा शिकवून माध्यमिक शाळेच्या शिष्यवृत्तीपर्यंत त्यांनीच पोचवलं होतं. पत्र अगदी छोटं आहे. बातमी कळल्यावर आईनंतर पहिला विचार तुमचा आला, असं काम्यू लिहितात, आणि त्या गरीब मुलाकडे तुम्ही हात पुढे केला नसतात तर यातलं काहीच घडलं नसतं, असंही. मोठे शब्द नाहीत, पाल्हाळ नाही.

पायरी ५ : शिक्षकांना आधी सांगायचं का?

पत्र अचानक द्या. समारंभ अचानक करू नका. अनेक शिक्षकांना मंचावर बसायला आवडत नाही, काहींची तब्येत साथ देत नाही, काहींना घरी कोणीतरी आजारी असतं. साधं विचारा: ‘बाई, आम्ही दहा-बाराजण तुम्हाला भेटायला येऊ इच्छितो, थोडं बोलायचं आहे. कधी आणि कुठे सोयीचं पडेल?’ त्या ‘कशाला हे सगळं’ म्हणाल्या तर एकदा आग्रह करा. दुसऱ्यांदाही नको म्हणाल्या तर पत्रं घेऊन घरी भेटायला जा.

शाळेच्या आवारात करणार असाल तर मुख्याध्यापकांची परवानगी लागेलच. भेटवस्तूंबद्दलचे नियमही तिथेच विचारा. अनेक ठिकाणी सेवेत असलेल्या शिक्षकांना महाग भेट स्वीकारता येत नाही, आणि तुमच्या प्रेमापोटी त्यांना खुलासा द्यावा लागू नये.

आता शाळेत शिकत असलेल्यांसाठी. तुमचे पेपर ज्यांच्या हातात आहेत, त्यांच्यासाठी वर्गणी काढून वस्तू देऊ नका. ज्या मुलाला पैसे देणं परवडत नाही त्याची कुचंबणा होते, आणि शिक्षकांनाही संकोच वाटतो. पत्र मात्र वर्षाच्या कुठल्याही दिवशी देता येतं. मोठा सन्मान निकाल लागल्यावर करा.

पायरी ६ : कार्यक्रम

कमीत कमी ठेवा. तीन जणांनी प्रत्येकी चार मिनिटं बोलायचं, त्यातला एक तरी त्या विषयात मागे असलेला विद्यार्थी असावा. त्याचं बोलणं शिक्षकांना सर्वांत जास्त भिडतं, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. परिचय वाचून दाखवायची गरज नसते. समोर बसलेल्यांना सर माहीत आहेत. पाहुण्यांची भाषणं शक्यतो टाळा. घरच्यांना नक्की बोलवा, कारण वह्या तपासण्यात गेलेले रविवार त्यांच्याही वाट्याचे होते.

एक सुचवतो. त्यांना आवडणार असेल तर भाषणाऐवजी एक तास घ्यायला सांगा. तुमची सगळी बॅच बाकांवर, फळा, खडू, आणि त्यांना हवा तो धडा. आधी विचारून ठेवा म्हणजे त्यांना तयारी करता येईल. चांगले शिक्षक तयारीशिवाय वर्गात जात नाहीत.

तारीख निवडताना ५ ऑक्टोबरचा विचार करता येईल. १९६६ साली याच दिवशी शिक्षकांच्या दर्जाविषयीची शिफारस युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांच्या पुढाकाराने पॅरिसमध्ये स्वीकारली गेली, आणि १९९४पासून हा दिवस जागतिक शिक्षक दिन म्हणून पाळला जातो. पण तारखेसाठी अडून बसू नका. निवृत्ती जवळ आली असेल, प्रकृती बरी नसेल, तर येत्या रविवारीच जा.

पायरी ७ : नंतरची कामं

पत्राची एक प्रत, शिक्षकांना विचारून, मुख्याध्यापकांना आणि शाळेच्या व्यवस्थापनाला पाठवा. शाळेच्या दप्तरात तक्रारी आपोआप जमा होतात, कौतुक कोणीतरी लिहून दिलं तरच जमा होतं. पुढे पदोन्नती किंवा पुरस्काराची वेळ आली की हे कागद उपयोगी पडतात.

सगळ्यांची पत्रं एकत्र बांधून द्या. हस्ताक्षरात असतील तर उत्तम, कारण शिक्षकाला अक्षर पाहून मुलगा आठवतो. त्यांच्या नावाने शाळेला काही द्यायचं असेल तर काय द्यायचं ते त्यांनाच विचारा. तुम्हाला चषक आणि फलक सुचेल; त्यांना कदाचित चार सूक्ष्मदर्शकं किंवा ग्रंथालयात एक कपाट हवं असेल.

शिक्षक हयात नसतील तरी पत्र लिहा आणि त्यांच्या घरी पाठवा. घरच्यांनी त्यांचं वर्गातलं रूप कधी पाहिलेलं नसतं.

पुरस्कार मिळाला नाही तर नामांकनाचं पत्र तसंच त्यांना नेऊन द्या. निवड समितीचा निर्णय त्यातल्या मजकुराला लागू होत नाही. आणि सगळी फाइल, म्हणजे आठवणी, वह्यांचे फोटो, मुख्याध्यापकांचं पत्र, अर्जाचे नियम आणि तारखा, तुमच्यामागच्या बॅचमधल्या कोणाकडे तरी सोपवा. बऱ्याच पुरस्कारांसाठी पुढच्या वर्षी पुन्हा नाव पाठवता येतं, आणि दुसऱ्या खेपेला अर्ज भरणाऱ्याला निम्मं काम झालेलं मिळतं.